हनुवटीवर पडल्यावर : कंपवात आणि मोडलेला जबडा



गेल्या हनुक्काच्या आधी एका दुपारी दिमोनाहून फोन आला. माझ्या मावशीची मुलगी बोलत होती. "ताई, आई काल रात्री स्वयंपाकघरात पडली. फार लागलं नाही म्हणते, पण सकाळपासून तिची खालची कवळी बसतच नाही. दातांच्या डॉक्टरची वेळ घेऊ का?"

मावशी ८१ वर्षांची. कंपवात, म्हणजे पार्किन्सन, होऊन नऊ वर्षे झालेली. मी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या. खालचा ओठ बधिर वाटतो का? जिभेखाली काळेनिळे झाले आहे का? जबडा हलवताना हाड एका तुकड्यात हलते की दोन? मुलीने बॅटरी घेऊन आईच्या तोंडात पाहिले. जिभेखाली जांभळा डाग होता आणि ओठ एका बाजूला बधिर होता.

मी म्हटले, "वेळ घेऊ नकोस. तिला थेट मियूनमध्ये ने. निघताना तिच्या गोळ्यांची डबी आणि कवळी, दोन्ही पिशवीत घाल."

मुलीला कवळीचे नवल वाटले. जी बसत नाही ती कशाला न्यायची? या प्रश्नाचे उत्तर पुढे येईल. मी आयुष्यभर जबड्याच्या शस्त्रक्रिया केल्या, आधी मुंबईत आणि नंतर इथे. या सदरात मी बहुतेक वेळा दात, हिरड्या, कवळ्या यांबद्दल लिहिते. पण आपल्या मंडळींत कंपवात असलेले, एकटे राहणारे, कवळी लावणारे बरेच आहेत. म्हणून या वेळी जरा अवघड विषय घेतला आहे.

कंपवातात माणूस हनुवटीवर का पडतो?

धडधाकट माणूस अडखळला की त्याचे हात आपोआप पुढे येतात. मनगट मोडते, पण तोंड वाचते. कंपवातात ही प्रतिक्रिया मंदावते. शिवाय पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि धड मात्र पुढे जाते. दारात, वळणावर किंवा अरुंद जागेत असे जास्त होते. मग माणूस सरळ समोर पडतो आणि पहिला मार हनुवटीला बसतो.

दुसरे कारण रक्तदाबाचे. या आजारात आणि त्याच्या औषधांमुळेही उठून उभे राहताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो.

खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो आणि त्याची दोन्ही टोके कानांपुढच्या सांध्यांत बसलेली असतात. हनुवटीवर मार बसला की जोर दोन्ही बाजूंनी वर जातो. म्हणून पुष्कळदा हनुवटीपाशी हाड तडकते आणि कानापुढची बारीक मानही एका किंवा दोन्ही बाजूंना मोडते. कवायतीत उभ्या उभ्या चक्कर येऊन तोंडावर पडणाऱ्या शिपायांत हे दिसत असे. म्हणून इंग्रज डॉक्टरांनी या प्रकाराला पहारेकऱ्याचा अस्थिभंग असे नाव दिले.

दात गेले की हाडही झिजते

जबड्याचे हाड दातांसाठी असते. दात गेले की ते वर्षानुवर्षे खाली खाली जाते. तरुणपणी खालच्या जबड्याची उंची साधारण ३ सेंटिमीटर असते. दात जाऊन बरीच वर्षे झाली की ती २ सेंटिमीटरच्या खाली येते. काहींच्या जबड्याची जाडी तर १ सेंटिमीटरपेक्षाही कमी, म्हणजे शिसपेन्सिलीपेक्षा थोडी जास्त, एवढीच उरते. म्हातारपणी हाडाच्या आतला रक्तपुरवठाही कमी होतो आणि हाड बरेचसे वरच्या आवरणातून येणाऱ्या रक्तावर जगते. म्हणून ते सहज मोडते आणि सावकाश जुळते.

असा जबडा दोन्ही बाजूंना मोडला तर मधला तुकडा बादलीच्या कडीसारखा खाली लटकतो. जीभ त्याच तुकड्याला धरून असते. माणूस पाठीवर झोपला तर जीभ घशात पडून श्वास अडू शकतो. म्हणून पुढची सूचना नीट लक्षात ठेवा.

पहिल्या तासात काय करावे

रुग्णाला बसवा, किंचित पुढे वाकवा, तोंडातले रक्त आणि लाळ थुंकू द्या. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा माणूस शुद्धीवर नसेल, तर त्याला उगाच हलवू नका. बेशुद्ध माणसाचा श्वास अडत असेल तर मात्र त्याला कुशीवर वळवावे लागते, आणि ते कसे करायचे हे फोनवर सांगतात. तोंडात सैल किंवा तुटकी कवळी असेल तर बाहेर काढा. बाहेरून थंड पट्टी धरा. जबडा फडक्याने घट्ट बांधू नका, कारण उलटी झाली तर ती बाहेर यायला वाट हवी. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

श्वासाला त्रास, जास्त रक्तस्राव, बेशुद्धी किंवा मानेचे दुखणे यांपैकी काही असेल तर १०१ वर मागेन दाविद अदोमला फोन करा. शब्बाथ असला तरी करा. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ थांबतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

एक गल्लत पुष्कळदा होते. कंपवातात किंवा तोंडाच्या अनैच्छिक हालचालींत जांभई देताना जबडा सांध्यातून निखळू शकतो. तोंड उघडेच राहते आणि लाळ गळते. याला हाड मोडणे म्हणत नाहीत, पण हेही तितक्याच लवकर दाखवायला हवे. घरी कोणी हिसका देऊन बसवायला जाऊ नये.

तारेने बांधणे आणि माझी चूक

जबडा जुळवण्याची जुनी पद्धत सोपी आहे. वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधायचे आणि चार ते सहा आठवडे तोंड बंद ठेवायचे. वरचा जबडा खालच्याला आधार देतो. ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी कवळीसारखा साचा वापरतात. १८६५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड घोडागाडीच्या अपघातात पडले आणि त्यांचा जबडा मोडला. थॉमस गनिंग नावाच्या दंतवैद्याने त्यांना कडक रबराचा साचा बसवला. गनिंगचे नाव त्या साच्याला कायमचे चिकटले. हाताशी दुसरे काही नसेल तर रुग्णाची स्वतःची कवळीच साच्यासारखी वापरता येते, अगदी तुटलेली असली तरी. तुकडे कसे जुळत होते हेही तिच्यावरून कळते. म्हणून कवळी पिशवीत घालायची.

ही पद्धत तरुण, निरोगी माणसाला चालते. कंपवाताच्या रुग्णाला ती कशी भोवू शकते, हे मी १९८०च्या दशकात मुंबईत शिकले.

एक निवृत्त रेल्वे कारकून होते. सत्तरीच्या पुढचे. मोरीत पडून त्यांचा जबडा मोडला होता. मी तेव्हा नवी होते. एक्स-रे पाहिला आणि पुस्तकात होते तसे जबडे तारेने बांधले. काम नीट झाले म्हणून मी खूशही होते. त्यांच्या कंपवाताच्या गोळ्या बंद तोंडातून जाईनात, तेव्हा दोन दिवस त्या राहूनच गेल्या. आम्ही कोणी लक्ष दिले नाही, कारण आमचे सगळे लक्ष हाडावर होते. तिसऱ्या दिवशी त्यांचे अंग लाकडासारखे ताठ झाले. लाळ गिळता येईना. जबड्याचा कंप चालूच होता, त्याने तारा सैल झाल्या आणि हिरड्या कापल्या. आठव्या दिवशी ताप आला. लाळ फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया झाला होता. तारा कापल्या, पण उशीर झाला होता. बाराव्या दिवशी ते गेले.

त्यांच्या मुलाने मला विचारले, "डॉक्टर, जबडा मोडून माणूस मरतो का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आज आहे. ते जबड्याने गेले नाहीत. गोळ्या चुकल्या, गिळणे बिघडले आणि तोंड बंद होते, या तिन्हींनी मिळून ते गेले.

मग उपाय कोणता?

अशा रुग्णात शक्यतो तोंड उघडे राहील असा उपाय निवडावा. आज त्यासाठी टायटॅनियमची पट्टी आहे. हाडाचे तुकडे समोर आणून पट्टी स्क्रूने बसवतात. जाड हाडाला छोटी पट्टी पुरते, कारण हाड स्वतःही काही भार घेते. झिजलेल्या बारीक हाडाला ते जमत नाही, म्हणून तिथे लांब आणि मजबूत पट्टी लागते. सगळा भार तीच पेलते. हे काम बऱ्याचदा हनुवटीखाली बाहेरून छेद घेऊन करतात. पट्टी सहसा आयुष्यभर तशीच राहते.

याचेही धोके आहेत. भूल द्यावी लागते. ओठाची बधिरता राहू शकते, ओठाचा कोपरा काही काळ वाकडा दिसू शकतो, जखमेत पू होऊ शकतो, स्क्रू सैल होऊ शकतात. म्हणून प्रत्येकाला पट्टी बसवत नाहीत. हाड जागचे हलले नसेल किंवा हृदय फार अशक्त असेल, तर पातळ आहार आणि दर आठवड्याची तपासणी, एवढ्यावरही भागवता येते. कानापुढचे हाड मोडले असेल तर पुष्कळदा शस्त्रक्रिया न करता काही दिवस मऊ आहार देतात आणि लवकरच तोंड उघडण्याचा व्यायाम सुरू करतात. नाहीतर सांधा आखडतो.

तारेने बांधण्याला पर्याय नसेलच, तर डॉक्टरांना विचारा : तारांऐवजी रबर चालतील का? दिवस कमी करता येतील का? आणि तार कापायची कात्री रुग्णाच्या उशाशी ठेवा. ती कशी वापरायची हे घरातल्या दोघांना तरी शिकवून घ्या.

तोंड थांबतच नाही तेव्हा

कंपवातात जबडा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा थरथरतो. काहींना उलट, गोळीचा अंमल वाढला की तोंड-मान वेडीवाकडी हलते. मनोविकाराची किंवा उलटीची काही औषधे बराच काळ घेतलेल्यांना सतत चघळल्यासारखी हालचाल जडते. काहींचा जबडा पेटका आल्यासारखा आवळतो. मोडलेल्या हाडाला विश्रांती हवी असते, आणि इथे ते दिवसभर हलत असते. पट्टी तुटण्याचे, स्क्रू सैल होण्याचे हे मोठे कारण आहे.

म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी किंवा निदान सोबत, मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी औषधांचे प्रमाण पाहायला हवे. काही रुग्णांत चावण्याच्या स्नायूंत बोटुलिनमचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काही दिवसांत दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो. तेवढ्यात हाड जुळते. पण ते अनुभवी हातांनीच द्यायला हवे. चुकीच्या स्नायूत गेले तर गिळणे आणखी बिघडते.

गोळ्यांचे घड्याळ

ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लेव्होडोपाची गोळी (इथे दोपिकार, भारतात सिंडोपा) अचानक बंद करू नये. अंग ताठते, ताप चढतो, जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. बहुतेक वेळा घ्यायची असते. गिळता येत नसेल तर पाण्यात विरघळणारी गोळी, नाकातून नळी किंवा कातडीवर लावायची औषधाची पट्टी, असे मार्ग आहेत. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कुटून देऊ नयेत.

उलटी थांबवण्याची दोन औषधे कंपवात वाढवतात : मेटोक्लोप्रमाइड (इथे प्रामिन, भारतात पेरिनॉर्म) आणि प्रोक्लोरपेराझिन (भारतात स्टेमेटिल). मुंबईहून नातेवाइकांनी आणलेल्या गोळ्या आपल्या अनेकांच्या कपाटात असतात. त्या या वेळी हाताशी धरू नका. रात्री रुग्ण बडबडला, गोंधळला, तर इस्पितळात कधी हॅलोपेरिडॉल देतात. तेही टाळावे.

दुसरे नाव अझिलेक्ट. हे रासाजिलीन नावाचे औषध आपल्याच देशात, हैफाच्या टेक्निऑनमध्ये आणि टेव्हा कंपनीत घडले. ते घेणाऱ्यांना पेथिडिन आणि ट्रामाडॉल ही दुखणे थांबवणारी औषधे देऊ नयेत. हाड मोडले की हीच औषधे पुढे येतात, म्हणून आधीच सांगा. साध्या दुखण्याला अकामोल सहसा पुरते.

आणखी तीन गोष्टी न विचारता सांगा : रक्त पातळ करणारी गोळी, हाडे ठिसूळ झाल्यावर घेतलेली फोसालानसारखी गोळी किंवा इंजेक्शन, आणि मेंदूत बसवलेले यंत्र असेल तर ते. पहिलीने रक्त थांबत नाही, दुसरीने जबड्याचे हाड भरून यायला अडचण होऊ शकते, आणि यंत्र असेल तर शस्त्रक्रियेतली विजेची उपकरणे जपून वापरावी लागतात.

घरी आल्यावर सहा आठवडे

चावायचे नाही, एवढाच नियम. पण उपाशी राहायचे नाही. तांदळाची पेज, नाचणीची आंबील, मुगाचे कढण, गाळून घेतलेले कोंबडीचे सूप चालते. आपल्या घरी मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून सुपात नारळाचे दूध घाला. ताकद येते आणि घशाखाली सहज उतरते. हाड जुळायला प्रथिने हवीत. पण प्रथिने लेव्होडोपाला शोषू देत नाहीत. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्या आणि मग जेवा. दोन्हींची वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते साधे समजू नका. कुपत खोलीममधून कलिनाईत तिक्शोरेतची, म्हणजे गिळणे आणि बोलणे तपासणाऱ्या तज्ज्ञांची वेळ घ्या. कोणता पदार्थ किती घट्ट हवा हे त्या सांगतील. जेवताना ताठ बसा, हनुवटी किंचित खाली, घोट लहान. जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ नका.

तोंड स्वच्छ ठेवा. प्रत्येक जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने धुवा. ज्यांना चूळ भरता येत नाही त्यांच्या मेतापेलेतने ओल्या मऊ फडक्याने पुसावे. घाणेरड्या तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो. जुनी कवळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नका.

या काळात दारफळनीचा सण, म्हणजे योम किप्पूर, आला तर आधी डॉक्टरांना आणि राव्हना विचारा. आजाऱ्याने गोळ्या सोडून उपास करावा असे आपला धर्म सांगत नाही.

पिशवीत काय ठेवाल?

कंपवात असलेल्या प्रत्येकाच्या दाराजवळ एक पिशवी असावी. तिच्यात :

१. सर्व गोळ्यांची यादी, नावे आणि वेळा, हिब्रूत मोठ्या अक्षरांत लिहिलेली.
२. दोन दिवसांच्या गोळ्या, मूळ पाकिटांसकट. इस्पितळात वेळेवर मिळतीलच असे नाही.
३. "ही औषधे देऊ नका" असा कागद, फॅमिली डॉक्टरांच्या सहीचा.
४. कवळीची डबी.
५. मुलांचे आणि शेजाऱ्यांचे फोन नंबर.

आणि घरात? पायाखालचे सैल गालिचे काढा, रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवा, पलंगावरून उठताना आधी दोन मिनिटे बसा. पाय अडकला तर ओढू नका. थांबा, मनात एक-दोन-तीन म्हणा आणि मग मोठे पाऊल टाका.

मावशीची गोष्ट राहिली. तिचा जबडा एका बाजूला मोडला होता. हाड फारच बारीक होते. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी लांब पट्टी बसवली. तोंड उघडेच राहिले. शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळीच मुलीने पिशवीतली गोळी परिचारिकेला दाखवून वेळेवर द्यायला लावली. खालच्या ओठाला अजून थोडी बधिरता आहे आणि चहा पिताना एखादा थेंब ओघळतो. पण दोन महिन्यांनी तिने नव्या कवळीने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि मला फोन करून सांगितले, "मीठ कमी होतं गं."

ते रेल्वेचे आजोबा मला अजून आठवतात. त्यांच्या उशाशी गोळ्यांची डबी होती. ती कोणी उघडली नाही, मीही नाही. म्हणून आज घरी एवढे करा : कंपवात असलेल्या आपल्या माणसाच्या गोळ्यांची यादी लिहा आणि पिशवीत घाला. तुम्हीच रुग्ण असाल तर मुलाला किंवा नातीला लिहायला सांगा.

सर्वांना रफुआ शलेमा. एकशेवीस वर्षे जगा, आणि आपल्या पायांवर चाला.